लुआनबाईंचा राहिलेला धडा

लुआन शूयुन पेइचिंगच्या जुन्या गल्लीत वाढल्या. परदेशी मुलांना चिनी शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सुरुवातीला त्या सर्वनामंच घेत. मी, तू, तो. मग फळ्यावर दोन शब्द: 'वोमन' आणि 'झानमन'. ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही', त्याला धरून 'आपण'.

"पाहुण्याला 'वोमन जेवायला चाललोय' म्हणालात, तर तो बिचारा उपाशी घरी जाईल!" मुलं हसत. पुन्हा चुकत. बाई पुन्हा सांगत.

हिवाळ्यात वर्गाचे हीटर बंद पडले, तेव्हा संचालक तुंग म्हणाले होते, "आपलीच शाळा आहे, बाई. आपण कोट घालून शिकवू." बाईंनी शिकवलं. वसंतात कॅमेरा आला. "आपल्या जाहिरातीसाठी थोडे धडे." बाई त्याच्यापुढेही उभ्या राहिल्या.

आज तुंगनी बोलावलं. "लुआनबाई, आम्ही ठरवलंय. नव्या मुलांना पुढच्या सत्रापासून चित्रफितीच दाखवायच्या. धडे तुमचेच. आमच्या शाळेला तुमची आठवण राहील."

"आमच्या?"

"म्हणजे, संचालक मंडळाच्या."

बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या. तुंग काय म्हणाले ते सांगितलं. शेजारच्या टेबलावरची तरुण छू वान घाबरून म्हणाली, "बाई, सर दक्षिणेकडचे. त्यांच्याकडे 'झानमन' म्हणतच नाहीत, सगळ्याला 'वोमन'च."

"थंडीत बरं म्हणत होते! माझा चेहरा त्यांचा, माझा आवाज त्यांचा, आणि मी कोण? शेजारीण?"

छू वाननं साहित्याची पदवी घेतली होती. हे दोन शब्द तिनं हजारदा वाचले होते. त्या शब्दांनी कुणाला दाराबाहेर काढता येतं, हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

बाईंनी कपाट रिकामं केलं. चहाची बरणी पिशवीत घातली. तेवढ्यात तुंग दारात आले. आवाज एकदम मऊ.

"बाई, एक अडचण आहे. 'आम्ही' आणि 'आपण'चा धडा चित्रित करायचा राहिलाय. तुमच्यासारखा कुणाला जमत नाही. आपण उद्या सकाळी उरकून टाकू या?"

बाईंचा चेहरा लाल झाला.

"आता 'आपण'? काम निघालं की 'आपण', काम झालं की 'आम्ही'?"

"एका शब्दाचं काय एवढं, बाई!"

"तोच तर शिकवायचाय ना तुम्हाला? मग तुमच्या शाळेचं तुम्हीच उरका."

त्यांनी पिशवी उचलली. तुंगना बाजूला व्हावं लागलं.