घासलेली नाणी

काका कोणतीही वस्तू कडेनेच धरत. नाणं तर धरतच, पण फोटो, बशी, पापडसुद्धा. सुभानपुऱ्यात आमच्या समोरच्या त्यांच्या घरी तुम्ही गेला असतात, तर आधी हात धुवायला लावून म्हणाले असते, "कडेने हां. मध्ये बोट नको."

जुनी अमेरिकन सोन्याची नाणी हे त्यांचं वेड. गोरव्याच्या कारखान्यात नोकरीला असताना सुट्टीच्या दिवशी ते घडियाळी पोळच्या गल्लीतल्या सोनींच्या, म्हणजे सोनारांच्या दुकानांत जाऊन बसत. असं एखादं नाणं आटवायला निघालं की हे आडवे पडत आणि विकत घेत. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला मुकुटवाली बाई. नाण्यावरचा जुना काळपटपणा हीच त्याची श्रीमंती, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मीही पाहुण्यांना ऐकवू लागले.

एका धनतेरसला काकूंनी त्यांना खूश करायचं ठरवलं. त्यांचं लाडकं नाणं पूजेत ठेवायचं, तेही लखलखीत. आपण दागिने घासतो तसं त्यांनी ते रिठ्याच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासलं. मी प्रसादाला गेले तेव्हा काका भिंग लावून बसले होते. नाण्यावर बारीक ओरखडेच ओरखडे. संग्राहकाच्या लेखी ते आता नुसतं सोनं उरलं होतं.

"अक्कल नाही तर हात कशाला लावतेस?" काका सगळ्यांदेखत म्हणाले.

त्यानंतर काकूंनी नाण्यांचं कपाट पुसणंसुद्धा सोडलं. काकांनी माफी मागितली, नाण्यांची डबी त्यांच्यापुढे धरून पाहिली. त्या हात मागे घेत. "चुकलं माझं," काका जिन्यात मला सांगायचे, जणू मीच काकू.

मागच्या दिवाळीत मी फराळ द्यायला गेले, तर ओट्यापाशी उभे राहून काका आपलं सगळ्यात दुर्मिळ नाणं ब्रशने खसाखसा घासत होते. अडवलं तर ऐकेनात. चकचकीत झालेलं नाणं त्यांनी काकूंपुढे धरलं.

"घे. आता दोन्ही सारखी."

"कशाला वाया घालवलंत?" एवढंच म्हणून काकू आत गेल्या. काका ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

उन्हाळ्यात काका गेले.

परवा धनतेरसला काकूंच्या ताम्हनात दोन्ही नाणी होती, कुंकू लावलेली. माझ्या हातावर प्रसाद ठेवून काकू नाण्यांकडे बघत म्हणाल्या,

"त्या दिवशी हात पुढे करायला काय झालं होतं गं मला?"