लिहिलेलं वाचता येईना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री आहे. ती चालवणाऱ्या मावशींकडे कपडे टाकले की परत येताना इस्त्रीच्या गठ्ठ्यात एखादं पुस्तक हमखास येई. वर टाचणीनं चिठ्ठी लावलेली असे. ‘पहिली तीस पानं रटाळ आहेत, दम धरा.’ किंवा, ‘आजारी माणसाशेजारी बसून वाचू नका, हसू आवरणार नाही.’ पुस्तक अर्धवट टाकून परत दिलं तर मावशी कमरेवर हात ठेवून जाब विचारत. मी शाळेत भाषा शिकवते, पण माझं निम्मं वाचन त्या दुकानातूनच आलं. त्यांच्या यजमानांना, म्हणजे काकांना, मात्र वाचनाचं वावडं. गठ्ठे घरोघर पोचवताना ते म्हणत, “मी पुस्तकं वाहतो, वाचत नाही.”

एका आठवड्यात त्यांच्यावर काय गुदरलं, ते मावशींनी मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं.

एका मंगळवारी सकाळी दुकान उघडून त्यांनी कपड्यांना लावलेल्या नावांच्या पट्ट्या बघायला घेतल्या. अक्षरं दिसत होती. काळी, ठळक, नीट ओळीत बसलेली. पण त्यातून नाव काही उमटेना. त्यांनी चष्मा पुसला, पदरानं डोळे टिपले, पट्टी उजेडात धरली. मग समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी पाहिली. वीस वर्षं रोज पाहिलेली पाटी, पण कुणी परक्या मुलखातून आणून टांगावी तशी दिसली.

त्यांनी कागद ओढला आणि स्वतःचं नाव लिहिलं. हात सरसर चालला, कुठं अडला नाही. पण लिहून झाल्यावर कागदाकडे पाहिलं, तर आपणच काय लिहिलंय ते कळेना.

“लिहिता येतंय, पण वाचता येत नाही गं,” त्या मला म्हणाल्या.

त्यांच्या आईला शेवटी पोटची पोरं ओळखू येत नव्हती. तिची सुरुवात वार विसरण्यापासून झाली होती. आता आपली पाळी, असं मावशींनी मनाशी धरलं आणि तो कागद बारीक फाडून टाकला. काकांना एक शब्द सांगितला नाही. सांगितलं की खरं होईल, अशी त्यांची भीती.

चार दिवस त्यांनी निभावलं. कुणाचा सदरा ते बटणावरून ओळखायचं, कुणाची चादर ते ठिगळावरून. कुणी नवं पुस्तक मागितलं तर, “ते निळ्या पाठीचं न्या, शेवट चुकवू नका.” मी गेले तेव्हा चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “जरा मोठ्यानं वाच बरं. अक्षर कसं आलंय बघू.” मी हसत वाचून दाखवली. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होत्या. माझ्या काही म्हणता काही ध्यानात आलं नाही, याची मला अजून टोचणी आहे.

याच दिवसांत त्यांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटू लागला. काका करवादले, “लक्ष कुठंय तुझं?”

शनिवारी दवाखान्यातल्या नर्सबाई गणवेश न्यायला आल्या. घडी उलगडून म्हणाल्या, “मावशी, डावी बाजू कडक आणि उजवी चुरगळलेली? अर्ध्यातच कंटाळलात की काय?”

“सगळा तर झालाय,” मावशी म्हणाल्या.

नर्सबाईंचं हसू मावळलं. “समोर माझ्या नाकाकडे बघा.” त्यांनी आपला एक हात मावशींच्या उजव्या अंगाला वर धरला. “आता सांगा, माझा हा हात दिसतो?”

“कुठला हात?”

“कधीपासून होतंय असं?”

तेव्हा मावशींचा बांध फुटला. “दवाखान्यात नको हो. आईसारखं झालंय म्हणतील.”

“काय म्हणायचं ते म्हणू देत.” नर्सबाई आत गठ्ठे बांधणाऱ्या काकांकडे वळल्या. “काका, दुकान बंद करा. आत्ताच्या आत्ता.”

मेंदूच्या मागच्या बाजूला एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली होती. त्यानं उजवीकडचं दिसणं आणि वाचणं गेलं होतं, लिहिणं तेवढं शाबूत राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, “आईच्या आजाराशी याचा काही संबंध नाही. पण चार दिवस अंगावर काढायला नको होतं. पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या आता रोज घ्यायच्या.” वाचन परत येईल का, या प्रश्नावर मात्र ते एवढंच म्हणाले, “थोडंफार. किती, ते आज सांगता येत नाही.”

घरी आल्यावर मावशी पुस्तकांच्या कपाटासमोर उभ्या राहायलाही घाबरत. एकेक अक्षर बोटानं गिरवत एक ओळ वाचायला पाव तास लागे. एका दुपारी काकांनी मी सुचवलेलं पुस्तक काढलं आणि ठेचकाळत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मग ते रोजचंच झालं.

दोनेक आठवड्यांनी मी दुकानात गेले आणि बोलून बसले, “त्यातली थोरली बहीण गेली ना, तिथं मी पुस्तक मिटून रडले होते.”

मावशींच्या हातातली इस्त्री थांबली. “कोण गेली? आमच्याकडे ती रोज बाजारात जाऊन येते!”

काका एकदम बटणं मोजायला लागले.

“अहो, काय केलंत तुम्ही?”

“तिचा हात लुळा पडला,” काका खाली बघून म्हणाले. “मग वाचा गेली. पुढचं माझ्याच्यानं वाचवेना. म्हणून तिला बाजारात पाठवली.”

“म्हणजे तेव्हापासून मनानं रचताय?”

“चार दिवस झाले.”

मला हसू फुटलं, पण काका तीच बटणं पुन्हा मोजत होते, ते पाहून विरलं. “सकाळी तू काहीतरी बोलेपर्यंत मी झोपेचं सोंग घेऊन पडतो,” ते म्हणाले. “बोललीस की उठतो.”

मावशी त्यांच्याकडे वळल्या. “आणि मी तुमचा आवाज येईपर्यंत बोलत नाही. शब्द कळतील की नाही याची धास्ती असते.” मग त्यांनी इस्त्री बंद केली आणि स्टूल ओढून बसल्या. “काढा ते पान. खरं काय लिहिलंय ते वाचा.”

काकांनी वाचलं. दोनदा थांबले, पाणी प्याले, पुन्हा वाचलं. थोरली बहीण गेली.

“पुढं?” मावशींनी विचारलं.

“पुढचं मीही अजून पाहिलेलं नाही.”

“मग वाचा. जे असेल ते दोघं मिळून बघू.”

या गोष्टीला वर्ष झालं. मावशी आता स्वतः दिवसाला अर्धं पान वाचतात, दमतात, चिडतात. भीती गेलेली नाही, त्या तसं लपवतही नाहीत. रोज उठल्या उठल्या त्या आधी काकांना हाक मारतात.