नानांची बडगी

मेहरूण तलावाभोवती सकाळी फिरताना आमच्या गल्लीतले नाना मला रोज भेटतात. अख्खी गल्ली त्यांना नानाच म्हणते. कुणाला नावं ठेवायची असली की ते चालता चालता थांबतात, त्यामुळे आमची फेरी कधी पुरी होत नाही. त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं: क्रिकेटच्या बॅटी बनवून मोठे झालेले आमचे शेठ. मी त्यांच्याच कंपनीत नोकरीला आहे, हे माहीत असूनही.

"बठ्ठं नशीब शे, भाऊ. आपल्या गल्लीत चिंध्यांच्या चेंडूनं खेळे तो."

पाहुण्यांपुढे शेठ म्हणजे आमचा माणूस, आपसात नुसता नशीबवान. गावाचं हे असंच.

यंदा गल्लीच्या भरीत पार्टीला शेठ स्वतःहून आले आणि मी आधी नाना कुठे आहेत ते पाहिलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी नाना आपल्या लाकडी बडगीत कुटत होते. त्या बडगीला ते परक्याचा हात लागू देत नाहीत. सगळे शेठना खुर्ची द्यायला धावले. नानांनी मात्र मुसळ त्यांच्यापुढे धरलं.

"मोठा व्हयना म्हनीसन काय बठीसन खाशी? कूट!"

शेठनी बाह्या सारल्या आणि हसत जमिनीवर मांडी घातली. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तलावावर नाना पुन्हा थांबले.

"एवढ्या बॅटी बनवस, पन भरीत कुटता येत नही त्याले." दोन पावलं चालले, परत थांबले. "पुढल्या साली लवकर ये म्हना. शिकाडसू."