चावडीतल्या चित्रावरचं कुंकू

ती घटना आजही आठवते. दर वेळी आधी हसू येतं, मग येईनासं होतं.

नव्वदच्या दशकात शेवगावकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावच्या चावडीत दगडी छापाचं जुनं चित्र टांगलेलं होतं. इंग्रज साहेबापुढे रंगलेली जत्रेतली कुस्ती! खुर्च्यांवर साहेब आणि एक पागोटेवाला, जाजमावर वतनदार, मागे उभी रयत आणि दोरीपलीकडे उरलेले. "खुर्चीवरचा पागोटेवाला म्हणजे आमचे पणजोबा," असं गावचे पाटील सांगत. त्याच आधारावर आखाड्याचा मानाचा नारळ त्यांच्या हातून फुटे.

जत्रेच्या सकाळी चित्र गायब! पाठोपाठ ठाण्यात निनावी फोन, "मास्तराच्या कडब्यात बघा."

मास्तर बौद्ध वस्तीतले, गावच्याच शाळेत शिकवणारे. चित्राची मोठी प्रत काढून शाळेत लावू, कोण कुठं होतं ते पोरांना दिसू दे, अशी त्यांची मागणी पाटलांनी नुकतीच उडवून लावली होती.

पंचांसमक्ष झडती घेतली. चित्र कडब्यातच निघालं. बाहेर काठ्या जमू लागल्या. "साहेब, नोकरी जाईल हो यांची," मास्तरांची बायको म्हणाली. मला त्याहून मोठी धास्ती होती. अटक जाहीर होताच तो जमाव वस्तीत घुसला असता.

पंचनामा सांगता सांगता मी थांबलो. काचेवर कुंकवाचं बोट, अजून ओलं! आणि तेही खुर्चीवरच्या पागोट्यावर नव्हे. साहेबावर छत्री धरून मागे उभ्या असलेल्या माणसावर. चोरीचा माल दडपण्याआधी त्याला कुंकू कोण लावतं?

मास्तरांना घेऊन चावडीत आलो, जमाव मागोमाग. पाटलांना आत बोलावलं. चहा पाजला. चित्र पुढे ठेवलं.

"पाटील, हा छत्रीवाला कोण?"

"मला काय ठावं? असंल कुनी चाकर."

"मग पुसतो," म्हणून मी चक्क रुमालावर थुंकलो.

पाटलांनी झेप घेऊन माझं मनगट धरलं. "न्हाई, साहेब! पनजोबा हायेत ते!"

आमचे हवालदार मिशीतल्या मिशीत म्हणाले, "आन् खुर्चीवर कोन बसलंय मंग, पाटील?"

पाटलांनी माझं मनगट सोडलं. "मोठ्या प्रतीत छत्रीवाल्याचं तोंड समद्या गावाला वळखू आलं असतं, साहेब; आमच्या घरचंच नाक हाय ते. नारळ गेला असता."

"आणि कुंकू?"

"वाडवडलाला कडब्यात घालायचं म्हंजे... निदान पाया पडून तरी घालावं."

हेच मी त्यांना बाहेर जमावापुढे बोलायला लावलं. काठ्या खाली आल्या. गुन्हा पाटलांवर नोंदवला.

माणूस पोलिसांना फसवेल, गावाला फसवेल, पण ज्याच्या पाया पडतो त्याला फसवताना खूण ठेवून जातो, हे त्या दिवशी शिकलो. मी स्वतःवर खूश होतो. मास्तरांना सोडताना मी गमतीनं विचारलं, "यात तुमचे पणजोबा कोणते?"

त्यांनी दोरीपलीकडे बोट ठेवलं. "असतील यातलेच कुणीतरी. इकडं नुसत्या रेघा हायेत, साहेब. तोंड एकालाबी काढलेलं न्हाई."

मी भिंग मागवलं. खरंच नव्हतं. पुढे कुठल्याही सोहळ्याचा बंदोबस्त लागला, की व्यासपीठाकडे जाण्याआधी मी दोरीपलीकडे एक फेरी मारून यायचो. चेहरे बघत.