ओल्या वाफ्याला पुन्हा पाणी

आई गावाहून, काष्टीहून, आमच्याकडे नगरला कायमची राहायला आली, तेव्हा घरामागची बाग ऐन भरात होती. बाग तशी छोटीच. कंपाउंडच्या कडेने केलेले वाफे, त्यांत गुलाब, मोगरा, जास्वंद, एक कढीपत्ता आणि कोपऱ्यात लिंबाचं झाड. पण हौसेने राखलेली. रविवारची सकाळ माझी तिथेच जायची. खुरपणी, गुलाबाची छाटणी, अधूनमधून शेणखत. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे कुठल्या झाडाला किती पाणी द्यायचं याचा अंदाज मी बसवून ठेवला होता.

वडील गेल्यापासून आई विसरायला लागली होती. गॅस चालू राहायचा, जेवले की नाही ते आठवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. इथे आल्यावर सुरुवातीला ती दिवसभर नुसती खुर्चीत बसून असायची. मग एका सकाळी तिने आपणहून पाइप उचलला आणि झाडांना पाणी घातलं. मला फार बरं वाटलं. बायकोला म्हटलंसुद्धा, "चला, आईचा जीव रमला."

नाश्ता झाल्यावर तिने पुन्हा पाणी घातलं. जेवणाआधी पुन्हा. मी दुपारी कॉलेजातले तास घेऊन आलो, तेव्हा वाफ्यांत डबकी साचली होती आणि ती पाइप धरून उभीच होती.

"आई, किती वेळा घालतेस? सकाळीच घातलंयस ना!"

"मी? मी आत्ता तर उठले. तहानल्यात रं ती. कुनी पानीच घातलं न्हाई."

पहिल्यांदा हसलो. पण हे रोजचंच झालं. एकदा बायको अंगाला साबण लावून न्हाणीघरात उभी आणि टाकी रिकामी. त्या दिवशी तिला शाळेत पोहोचायला उशीर झाला आणि संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. गुलाबाची पानं पिवळी पडून गळायला लागली. मोगऱ्याच्या बुडाशी कुबट वास यायला लागला. मी बागेतल्या नळाची चावी काढून कपाटात ठेवली, तर आई स्वयंपाकघरातून तांब्या भरून न्यायला लागली. तिला दिलेलं प्यायचं पाणीही जास्वंदीला जायचं. एकदा तर चहा गेला.

आईने जन्मभर उसाला, कांद्याला दारं धरली होती. पायात चिखल आणि हातात फावडं, एका वाफ्याचं पाणी तोडून दुसऱ्यात सोडायचं. ते तिच्या हातांतून गेलं नव्हतं. एका सकाळी मी बाहेर आलो, तर तिने खुरप्याने माझ्या वाफ्यांचे बांध फोडले होते, एकातून दुसऱ्यात पाणी जावं म्हणून. मी विटा लावून, माती चोपून केलेले बांध. गुलाबाची दोन कलमं मुळांसकट वर आली होती. ती राहुरीहून मांडीवर धरून आणली होती मी, एसटीतून.

माझा तोल गेला. मी तिचा हात धरला, जरा जोरातच, तिला खाली बसवलं आणि तिचं बोट चिखलात खुपसलं. "बघ! ही ओल बघ! कशाला आणखी पाणी पाहिजे?"

तिने बोट तसंच आत ठेवलं. मग माती उचलून चोळली, नाकाशी नेली. तिचा चेहराच बदलला.

"ही तर पार कुजायला लागलीय," ती म्हणाली. "कुनी घातलं एवढं पानी? आरं, मुळ्यांला वारा लागाया नको का? तू घातलंस व्हय? शिकून काय उपेग तुझ्या!"

त्यानंतर ती मला बराच वेळ बोलत होती. पाणी मुरून जमीन वाफशावर येऊ द्यावी लागते, नुसतं पाणी ओतलं म्हणजे शेती होत नाही, बापाच्या हाताखाली कधी राबला नाहीस. सगळं अगदी बरोबर. मी चिखलाचे हात घेऊन समोर उभा. रागवायचं कुणावर?

मला वाटलं, उपाय सापडला. ती तांब्या घेऊन निघाली की म्हणायचं, "आई, जरा ओल बघतेस का?" ती बोट घालून बघायची, मला चार शब्द सुनावायची आणि परत यायची. पण मी कॉलेजात असताना हे कोण म्हणणार? आणि मी घरी असतानाही घटकाभराने ती पुन्हा तांब्या घेऊन निघालेली असायची. दिवसातून कितीदा तेच वाक्य बोलायचं. शेवटी शेवटी मी ते दातओठ खाऊन बोलायचो.

मग मी गच्चीवर जाऊन टाकीचा बागेकडचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला आणि नळाला चावी परत लावली. पाइपमधून बोटाएवढी धार यायची. आई दिवसभर धरून उभी राहिली तरी फारसं काही बिघडणार नव्हतं. त्या दुपारी मी कितीतरी दिवसांनी निवांत पेपर वाचला.

संध्याकाळी ती आत आली. ओला पदर, उतरलेला चेहरा.

"हिरीचं पानी तुटलं का रं?"

"नाही गं, आहे पाणी."

"न्हाई, तुटलंय. धार बघ की. समदं पीक जातंय आता."

ती जेवली नाही. बायकोने ताट पुढे केलं, तर म्हणाली, "जनावरांला आधी पाजा." पुन्हा पुन्हा उठून मागच्या दारापर्यंत जायची, पाइप हलवून बघायची, परत यायची. मी समजावलं, मग ओरडलो, मग पुन्हा समजावलं. ती रडायला लागली. शेवटी बायको म्हणाली, "जा हो, उघडून या."

मी गच्चीवर गेलो. व्हॉल्व्ह घट्ट बसला होता, शर्टाच्या टोकाने धरून फिरवला. खालून आईचा आवाज आला, मोठा, शेताच्या पलीकडच्या बांधावर हाक मारावी तसा.

"आलं गं बाई, आलं पानी!"

मी वरूनच पाहत राहिलो. ती मोगऱ्याला पाणी सोडत होती. मोगरा त्याच महिन्यात गेला.