पांडूकाकांची पाटी

पांडूकाका गेल्याचा निरोप आला आणि मी नेहमीसारखी वही काढली. कोणाला कळवायचं, तेरवीचा शिधा, शेवटी काकांच्या खोलीतल्या वस्तू. त्यांत माठांखालची जुनी सागवानी फळी होती. तिच्यापुढे लिहिलं, जाळायला.

काका खामगावजवळच्या आमच्या लहानशा स्टेशनवर रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. आता तिथे नुसत्या बाभळी आहेत. स्टेशनला नाव आमच्या, म्हणजे वरच्या गावाचं. जमीन मात्र गेली खालच्या गावाची. महाराष्ट्र झाल्यावर मराठी अक्षरांची नवी पाटी लागली, तिच्यावरही आमचंच नाव. दुसऱ्याच दिवशी खालचे कुऱ्हाडी घेऊन आले. मी सात वर्षांची, काकांचा डबा घेऊन गेलेली. काकांनी मला तिकीटखोलीत ढकललं आणि स्वतः पाटीपुढे उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते.

“गाडी जाऊ द्या, मंग फोडा. माही ना नाही.”

“सरक बे पांड्या. तुह्या बापाचं स्टेशन हाय का?”

घाव पडू लागले. काका मध्ये पडले तसा कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या तोंडावर बसला. डावा डोळा फुटला... तो ओला आवाज अजून कानात आहे. मग आमचे लोक लाठ्या घेऊन धावले, आणि रुळांमधल्या खडीवर माणसांनी माणसं ठेचली.

पोलिसांना काकांनी एकही नाव सांगितलं नाही. म्हणून आमच्याच गावाने त्यांना फितूर ठरवून पारावर ओढलं, हात मोडला. स्टेशन बंद पडल्यावर, पुष्कळ वर्षांनी, मी विचारलं, “काका, काऊन नाही सांगितलं?”

“खालचे जेलात गेले असते, त त्याहिच्या घरचे आपल्या गाडीत बसाले आले असते का? एकाच गावावर स्टेशन जगते का बाई?”

स्टेशन तरीही जगलं नाही. एसटी आली, गाडी रिकामी धावू लागली. स्टेशन बंद झालं तेव्हा उतरवलेली पाटी काकांनी घरी आणली आणि उलटी करून तिच्यावर माठ मांडले. हे मला तेरवीच्या दिवशी कळलं...

त्या दिवशी खालच्या गावचा एक म्हातारा काठी टेकत आला. सरळ काकांच्या खोलीत गेला. माठ उतरवले, फळी उलटवली. पुसट अक्षरांवर घावच घाव. एका खोल घावात त्याने बोट घातलं.

“हा माहा,” तो म्हणाला. मग तेच बोट स्वतःच्या डाव्या डोळ्यापाशी नेलं, “डोयाचाही.”

आलेल्यांची नावं मी वहीत लिहीत होते. त्याचं विचारलं नाही. त्याला पान वाढलं आणि माठ भरून पुन्हा फळीवर ठेवले.