शिक्क्यावर जिंकलेली केस

माझ्या कामात निर्दोष असण्याचा फारसा उपयोग नसतो. हे मी अशिलाच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं. पण पहिल्या भेटीत आईबाप समोर बसलेले असतात, आणि मी ते पुढच्या भेटीवर ढकलतो.

एखाद्या परक्या देशाने आपल्या सरकारला कळवलं, की अमुक माणूस आम्हाला खटल्यासाठी हवा आहे, तर इथलं कोर्ट त्याचा गुन्हा तपासत बसत नाही. कागद रीतसर आले आहेत का, आणि त्यांवरून खटला चालवण्याजोगं काही दिसतं का, इतकंच पाहतं. खरं-खोटं तिकडचं कोर्ट ठरवणार. याला प्रत्यार्पण म्हणतात. गेली कित्येक वर्षं मी बोरिवलीतल्या एका लहान खोलीतून हीच कामं करतो आणि सुनावण्यांसाठी दिल्लीला जातो.

चारकोपचं एक जोडपं माझ्याकडे आलं तेव्हा त्यांचा मुलगा दिल्लीच्या तुरुंगात होता. तो परदेशात एका व्यापारी कंपनीत हिशेबाचं काम करायचा. मालकाने बँकांना फसवलं आणि तो पसार झाला. कागदांवर सह्या मात्र या मुलाच्या आणि त्याच्यासोबतच्या दुसऱ्या कारकुनाच्या. बहिणीच्या लग्नाला म्हणून मुलगा घरी आला, तो परत गेलाच नाही. मग त्या देशाने त्याला मागितलं.

वडील मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन होते. दर भेटीला ते मुलाच्या चांगुलपणाचा काही तरी पुरावा घेऊन यायचे. कधी सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र, कधी गणपती मंडळाच्या अध्यक्षाचं. शेवटी एकदा मी म्हणालो, "काका, हे इथे चालत नाही."

"मगे खय चलता?"

"तिकडच्या कोर्टात."

"थंय जावूक लागू नये म्हणान तर तुमच्याकडे इलंव!"

त्यांची बायको त्यांना कोपराने ढोसत म्हणाली, "अहो, साहेबांवर कशाला ओरडताय? त्यांनी केलाय का कायदा?"

मी हसलो. हसायला नको होतं.

जामीन मिळाला नाही. मी मग माझ्या पद्धतीने लढलो. आमच्या या पद्धतीत मुद्दे असतात, माणूस नसतो. मी तारखा मागत गेलो, हरकती घेत गेलो. आलेल्या कागदांवर त्या देशाच्या अधिकाऱ्याचा हवा तसा शिक्का नव्हता, हे मला सापडलं आणि मी त्याच्यामागे हात धुऊन लागलो. त्यात बराच काळ गेला, आणि तो सगळा त्या मुलाने आत काढला. शेवटी कोर्टाने माझं म्हणणं मान्य केलं. मुलगा सुटला. कोर्टाच्या आवारात एक वकील मित्र पाठीवर थाप मारून म्हणाला, "झकास, यार! शिक्क्यावर केस काढलीस!"

चारकोपला त्यांच्या मजल्यावर पेढे वाटले. मलाही बोलावलं होतं, मी गेलो. आपला कायदा मला ठाऊक होता. अशी सुटका म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे. तो देश शिक्का मारून तेच कागद पुन्हा पाठवू शकतो. हे मी निकालाच्या दिवशी वडिलांना फोनवर एकदा पुटपुटलो होतो. पण पेढा हातात असताना, शेजारीपाजारी कौतुकाने बघत असताना, बोललो नाही.

कागद पुन्हा आले. या वेळी सगळे शिक्के जागेवर होते. मुलाला घरूनच उचललं.

वडील धापा टाकत माझ्या खोलीचा जिना चढून आले. "जिंकलंव मा आपण? मगे पुन्ना कित्याक धरल्यानी?"

मी समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि त्यांना सगळं समजलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

दिल्लीला मी मुलाला तुरुंगात भेटलो. नव्या हरकती तयार आहेत, मी सांगू लागलो. त्याने मला थांबवलं.

"साहेब, माझ्यासोबतचा तो कारकून आठवतो? त्यालाही इथेच धरलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी तिकडे जायला होकार दिला. तिकडे शिक्षा भोगून तो घरी आलासुद्धा. माझी अजून सुरूच झालेली नाही."

मी हरकतींची फाईल मिटली.

"जाऊ द्या मला. आणि बाबांना सांगू नका हे मी बोललो म्हणून. पोरगा हरला म्हणतील. तुम्हीच सल्ला दिलात म्हणा ना."

परत आल्यावर मी चारकोपला गेलो. माऊलीने चहा टाकला होता. तो होण्याआधीच मी सांगून टाकलं, की आता लढण्यात अर्थ नाही, मुलगा होकार देतोय.

"तुमी सांगलास त्येका?" वडिलांनी विचारलं.

"हो."

ते उठले आणि दार उघडून उभे राहिले. बायको म्हणाली, "अहो, चहा तरी पिऊ द्या त्यांना."

"पिऊन जाऊंदे."

मी प्यालो. खोटं बोललो याची टोचणी लागली नाही, हेच मला आजही सहन होत नाही. उलट हलकं वाटलं. शिक्क्याच्या मागे लागून त्या मुलाची उमेदीची वर्षं मी घालवली होती, त्याचा जाब मला कुणीच विचारला नव्हता. निदान काही तरी कारणाने तो माणूस माझ्याकडे तिरस्काराने बघत होता.

मुलाला नेलं. तिकडचा खटला अजून उभा राहिलेला नाही. इथे आत काढलेला काळ तिकडच्या शिक्षेतून वजा होईल का, हे तिथल्या न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे. मी त्याच्या तिथल्या वकिलाला पुन्हा पुन्हा लिहितो. "मुद्दा मांडू," एवढंच उत्तर येतं. मीही आयुष्यभर लोकांना असंच उत्तर देत आलो.

आई अधूनमधून फोन करते. "धरतील ना हो इथली वर्षं?"

"प्रयत्न चालू आहेत," मी म्हणतो.

मागून वडिलांचा आवाज येतो, "ठेव तो फोन." ती लगेच ठेवत नाही. मी आणखी काही तरी बोलेन म्हणून थांबते.